मातीकडे परतणाऱ्यांचे वाङ्मय

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब आमच्या घरी आला होता. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षे नोकरी करून त्याने नुकताच तिचा राजीनामा दिला होता, आणि खुलताबादच्या रस्त्याला डोंगराच्या उतारावर घेतलेल्या तीन एकर जमिनीवर तो कायमचा राहावयास निघाला होता. आजोबांच्या नावचा कन्नड तालुक्यातील सातबारा घरात होता म्हणून ती जमीन त्यास घेता आली; एरव्ही जो मुळात शेतकरी नाही त्यास सरकारी परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, ही आपल्या राज्याची रीत वाचकांस ठाऊक असेलच. त्याने आमच्याकडे पैसा मागितला नाही, सल्लाही मागितला नाही. “सर, जाण्यापूर्वी काय वाचू?” एवढेच त्याने विचारले. त्याची पत्नी शाळेत शिक्षिका होती व त्याच जूनपासून तीही नोकरी सोडणार होती. दोन्ही मुलांना दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. ती काही बोलली नाही.

आमचे आयुष्य वाङ्मय शिकविण्यात गेले. शेती ही आमची विद्या नव्हे. गच्चीवरच्या कुंडीतील तुळससुद्धा आमच्या हातून जगत नाही, ती घरातील मंडळींमुळे जगते. परंतु पुस्तकांविषयी कोणी विचारले की अध्यापकास राहवत नाही. आम्ही तेथल्या तेथे चार-पाच नावे सांगितली व कागदावर लिहूनही दिली. मंडळी गेल्यावर मात्र मनास चुटपुट लागली. परीक्षेच्या प्रश्नास उत्तर द्यावे तितक्या सहजपणे आम्ही ती नावे सांगितली होती. आणि ज्याने विचारले त्याने तर आपला बांधलेला संसार मोडून गाडीत भरावयास काढला होता. त्या ग्रंथांत अशा कुटुंबाच्या उपयोगाचे खरोखर काय आहे, हे आम्ही त्या दृष्टीने कधी पाहिलेच नव्हते. म्हणून पुढील दोन महिन्यांत ते सारे ग्रंथ आम्ही पुन्हा वाचून काढले. त्या वाचनात जे आढळले ते येथे नमूद करीत आहो.

शहर सोडून मातीकडे जावे ही ओढ शहरांइतकीच जुनी आहे. रोमन कवी होरेस ह्याचे एक लहानसे काव्य आम्ही विद्यार्थिदशेत इंग्रजी भाषांतरातून वाचले होते. त्यात कोणी एक गृहस्थ खेड्यातील सुख वर्णन करून सांगतो. वडिलार्जित रान, स्वतःचे बैल, द्राक्षांचे वेल, ओढ्याकाठी लागणारी झोप, सायंकाळी घराकडे वळलेली मेंढरे. आणि ह्या सर्वांच्या शेवटी घरात कोण, तर चूल पेटवून, दूध काढून, बाजारातून काहीएक विकत न आणता घरच्याच जिनसांचा स्वयंपाक करून पतीची वाट पाहणारी साध्वी स्त्री. वर्णन इतके रम्य आहे की पुष्कळांनी ते खरेच मानले. कवी शेवटच्या चार ओळींत सांगतो की हे बोलणारा अल्फियस नावाचा सावकार होता. खेड्यात जाण्याचा निश्चय करून त्याने महिन्याच्या मध्यास आपली सारी रक्कम वसूल केली, आणि पुढल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा व्याजी लावण्याच्या खटपटीस तो लागला.

असे अल्फियस आमच्या छत्रपती संभाजीनगरातही थोडेथोडके नाहीत. दौलताबाद-म्हैसमाळच्या वाटेवर त्यांची ‘फार्म हाऊसे’ उभी आहेत. शनिवारी सायंकाळी ती उघडतात व रविवारी रात्री त्यांस कुलूप लागते. त्यांची थट्टा करण्याचे आम्हांस कारण नाही. विश्रांती ही वाईट वस्तू नव्हे, आणि सावकाराने केलेले खेड्याचे वर्णन खोटे असले तरी त्याचे काव्य चांगले आहे. पण जो कुलूप लावून परत येणार नाही, त्यास हे वाङ्मय काय सांगते?

मराठीत ह्या ओढीस देशभक्तीची जोड मिळाली. १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपुरास, म्हणजे प्रथमच एका खेड्यात भरले, आणि ‘खेड्याकडे चला’ हे शब्द सुशिक्षितांच्या तोंडी पक्के रुळले. त्यानंतरच्या कित्येक कथा-कादंबऱ्यांत बी.ए. झालेला नायक गावी येतो, रात्रीची शाळा काढतो, विहीर सर्वांस खुली करतो, पाटलाशी भांडतो आणि अखेरीस गावाचा लाडका होतो. हेतू स्तुत्य, भाषा प्रसन्न. मात्र त्या नायकाच्या शेतात काय पिकले व त्यास बाजारात काय भाव आला, हे ह्या कादंबऱ्यांत आम्हांस कोठे आढळले नाही. नायक जेवतो कशावर, हा प्रश्न आमच्या कादंबरीकारांस बहुधा अरसिकपणाचा वाटत असावा.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ना. धों. महानोर ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे, व त्या दिवशी आम्हीही तेच प्रथम सांगितले. सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या आसऱ्याने वसलेले पळसखेडे हे त्यांचे गाव. जळगावचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर टाकून ते शेतीवर परतले. ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला, आणि २०२३ च्या ऑगस्टात ते निवर्तले तोपर्यंत पळसखेडे हेच त्यांचे ठिकाण राहिले. रानाचा जो उत्कट आनंद त्या कवितेत आहे तो मराठीस पूर्वी इतका परिचित नव्हता. परंतु हा परत आलेल्या मुलाचा आनंद आहे. त्यास पाऊस येण्यापूर्वीचा वास कळतो, कारण लहानपणी त्या वासाबरोबर घरात कोणती धांदल उडते ते त्याने पाहिले आहे. नव्याने जाणाऱ्याने ही कविता वाचून आपल्यालाही तसेच वाटेल अशी अपेक्षा धरली, तर दोष कवीचा नाही. पाणी अडविण्याविषयी महानोरांनी गद्यातही लिहिले, विधान परिषदेतही ते त्यावर बोलले. पण लोक कविता पाठ करतात आणि पाण्याचे गद्य कपाटात ठेवतात.

दुसरे नाव आम्ही सांगितले ते थोरोच्या ‘वॉल्डन’चे. हा ग्रंथ १८५४ सालचा. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ ह्या नावाने तो मराठीत आणला. १८४५ च्या ४ जुलैस थोरो काँकॉर्ड गावाजवळच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहावयास गेला व दोन वर्षे दोन महिने तेथे राहिला. आमच्याकडे ह्या ग्रंथाची कीर्ती ऋषितुल्य एकांताचा ग्रंथ म्हणून आहे. ह्या वेळी वाचताना आम्हांस त्यातील निराळीच गोष्ट आवडली, ती म्हणजे त्याचा हिशेब. झोपडीस फळ्या किती लागल्या, खिळे किती, चुना किती, हे तो ओळीने मांडतो आणि एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा देतो. अडीच एकरांत मुख्यतः घेवड्याच्या जातीच्या शेंगा लावून त्या पिकावर त्यास ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट सुटले. अर्धा सेंट न सोडणारा हा तत्त्वज्ञ आम्हांस फार जवळचा वाटला. मराठीतील ध्येयवादी नायकाने एकदा तरी अर्ध्या पैशाचा विचार करावयास हवा होता.

परंतु त्याच हिशेबात एक जागा आहे, जी आम्ही तीस वर्षे शिकवूनही कधी नीट पाहिली नव्हती. कपडे धुण्याचा व शिवण्याचा खर्च त्याने बेरजेत धरलेला नाही. ते काम बहुतेक बाहेरच होत असे आणि त्याचे बिल अजून आलेले नाही, एवढे तो जाता जाता सांगतो. जो मनुष्य खिळ्यांचा हिशेब ठेवतो त्याच्या वहीतून धुणे निसटले! थोरोची आई व बहिणी काँकॉर्डमध्येच, तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होत्या. आम्ही त्यावरून थोरोस ढोंगी म्हणणार नाही, जसे अलीकडे पुष्कळ जण म्हणतात. तो एकटा गेला होता, त्याने कोणास बरोबर ओढले नव्हते. मात्र बायको-मुलांसह जाणाऱ्या माणसाने हा ग्रंथ आदर्श म्हणून हाती धरावा काय, ह्याविषयी आता आम्हांस शंका वाटते. एकट्याच्या साधेपणास फार थोडी भांडी घासावी लागतात.

ज्या मराठी ग्रंथात शहरातून शेतावर गेलेल्या कुटुंबाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला आहे तो आमच्या मते शरद जोशी ह्यांचा ‘अंगारमळा’ होय. आमच्याच शहरातील जनशक्ती वाचक चळवळीने तो प्रसिद्ध केला, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. हे सलग आत्मचरित्र नव्हे. वेळोवेळी लिहिलेले आत्मपर लेख त्यात एकत्र आले आहेत, आणि त्यामुळे त्याचे काही भाग सैल पडले आहेत हे खरे. जोशी ह्यांचा जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. भारतीय टपाल सेवेत दहा वर्षे काढल्यावर १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत ते अधिकारी होते. गरीब देशांच्या नावाने जो पैसा वाटला जातो तो गरिबांच्या दारापर्यंत पोचत नाही, आणि भारताच्या दारिद्र्याचे मूळ कोरडवाहू शेतीत आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. तेथील सुरक्षित जागा सोडून पत्नी लीलाताई व दोन मुली ह्यांच्यासह ते स्वदेशी परतले, आणि १९७७ च्या आरंभी पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे तेवीस एकरांहून अधिक कोरडवाहू जमीन त्यांनी विकत घेतली. अंगारमळा हे त्या मळ्याचेच नाव.

येथपर्यंतची कथा ध्येयवादी कादंबरीस शोभेल अशी आहे, किंबहुना अधिकच भव्य, कारण नायक पुण्या-मुंबईहून आलेला नसून थेट आल्प्सच्या पायथ्याहून आला आहे. ग्रंथाचे खरे मोल येथून पुढे आहे. जोशी शेतीकडे प्रयोगशाळा म्हणून पाहतात. काकडी, बटाटा असली पिके ते घेतात, शेजारचा शेतकरी जसा माल बाजारात नेतो तसा नेतात, आणि जी पट्टी हातात पडते ती जपून ठेवतात. येथे त्यांस ‘उलटी पट्टी’ ह्या वस्तूचा परिचय होतो. वाचकांपैकी ज्यांचा बाजाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, अडत्याने माल विकून आलेल्या रकमेतून अडत, हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा केले, आणि बाकी शून्याच्याही खाली गेली, म्हणजे माल गेला तो गेलाच, वर शेतकऱ्यानेच पदरचे पैसे भरावयाचे, अशा हिशेबाच्या कागदास उलटी पट्टी म्हणतात. मराठवाड्याचे कथाकार भास्कर चंदनशिव ह्यांच्या ‘लाल चिखल’ ह्या कथेत भाव न मिळाल्यामुळे बाजारातच आपले टोमॅटो पायांखाली तुडविणारा बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ह्या कागदाचा अर्थ निराळा सांगावयास नको. चंदनशिवांच्या कथेत जे रक्तासारखे लाल दिसते तेच जोशींच्या लेखनात आकड्यांनी मांडलेले आहे. आणि आम्ही वाङ्मयाचे अध्यापक असूनही असे म्हणतो की येथे आकड्यांचा परिणाम कथेहून उणा नाही.

शहरातून गेलेल्या माणसास तोटा आला म्हणजे साधारणतः त्यास दोनच वाटा दिसतात. एक, आपणांस शेती येत नाही असे म्हणून परत फिरणे. दुसरी, तोट्याचे नाव त्याग असे ठेवून तो मिरविणे. जोशींनी तिसरी वाट घेतली. आपण शिकलेले, हिशेबी, हाती थोडे भांडवल असलेले, आळस न करणारे. तरीही तोटाच येतो, तर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या शेजाऱ्यास अडाणी, आळशी व उधळ्या म्हणण्याचा सुशिक्षितांस काय अधिकार? तोटा शेतात होत नाही, तो भावात होतो. आणि भाव पडतात ते पाडले जातात म्हणून. ह्या एका निष्कर्षातून १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली, १९८० च्या मार्चमध्ये कांद्यासाठी चाकणला पुणे-नाशिक रस्ता अडला, आणि पुढील दहा-पंधरा वर्षे महाराष्ट्रातील खेडोपाडी एका ब्राह्मण टपाल-अधिकाऱ्याचे भाषण ऐकण्यासाठी लाखांची गर्दी लोटली. स्वतःच्या अपयशाचा इतका फलद्रूप उपयोग करणारा दुसरा ग्रंथकार आमच्या पाहण्यात नाही. त्यांची भाषाही ह्याच गुणाची आहे: कचेरीतील टिपणासारखी कोरडी, मुद्द्यास मुद्दा जोडणारी, आणि मग एकाएकी भडकून उठणारी.

त्यांचा सिद्धांत आम्हांस जसाच्या तसा मान्य आहे असे नाही. चाकणच्या माळावर बसून भाव हेच सर्वस्व वाटणे शक्य असेल. मराठवाड्यात तसे वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या ह्या भागात विकावयास मालच नव्हता, तेथे भावाची गोष्ट कोणी काढावी? २०१२-१३ च्या अवर्षणात पैठण-जालन्याकडील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या; टँकरने पाणी घालून लोकांनी झाडे जगविण्याची शिकस्त केली, आणि नंतर त्याच झाडांवर कुऱ्हाड चालविली. तो तोटा अडत्याच्या वहीत लिहिलेला नाही. जोशींस हे कळत नव्हते असे नव्हे. परंतु एकच कारण सर्वत्र लावण्याची तर्कनिष्ठ माणसाची जी खोड असते ती त्यांस होती. असो. हा मतभेद ग्रंथाच्या योग्यतेस बाध आणीत नाही.

आमची खरी तक्रार निराळी आहे, आणि ती मांडताना संकोच वाटतो, कारण ज्यांच्याविषयी ती आहे ती दोन्ही माणसे आता हयात नाहीत. बर्नचे घर आवरताना लीलाताईंच्या मनात काय होते? वाढत्या मुलींची भाषा, शाळा, मैत्रिणी हे सारे एका उन्हाळ्यात बदलताना त्या घरात काय बोलणे झाले? मुरमाड माळावर पहिल्या पावसाळ्यात चूल कशी पेटली? हे आम्हांस लीलाताईंच्या शब्दांत कोठेच मिळत नाही. चळवळ ऐन भरात असतानाच त्या वारल्या. भानू काळे ह्यांनी ‘अंगारवाटा’ ह्या चरित्रात, जे जोशींच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०१५ नंतर प्रसिद्ध झाले, मोठ्या परिश्रमाने व सहृदयतेने माहिती मिळविली आहे. परंतु चरित्रकार फार तर दारापर्यंत नेऊ शकतो. कोणी म्हणेल की आत्मपर लेखात लेखकाने आपलेच सांगावे, पत्नीचे मन त्याने का गृहीत धरावे? आक्षेप रास्त आहे. तथापि हे विसरता येत नाही की शेतात राबणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणाच्याच हिशेबात येत नाहीत, हे महाराष्ट्रात मोठ्या आवाजात सांगणारे पुरुष शरद जोशीच होते. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी स्त्रियांचे जे अधिवेशन भरले ते त्यांच्याच प्रेरणेने; आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करून देण्यास त्यांनी शेतकऱ्यांस लावले, व गावोगावच्या शेतकऱ्यांनी तसे करूनही दिले. इतक्या न्यायी माणसाच्या ग्रंथात स्वतःच्या घरातील ती ओळ कोरी राहावी, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. थोरोचे धुण्याचे बिल येथेही आलेले नाही.

दिलीप कुलकर्णी ह्यांच्या लेखनाचा उल्लेख येथे थोडक्यात केला पाहिजे. हे अभियंते नोकरी सोडून पत्नीसह दापोली तालुक्यातील कुडावळे येथे जाऊन राहिले. ‘निसर्गायण’ हा त्यांचा ग्रंथ आणि ‘गतिमान संतुलन’ हे त्यांचे मासिक पुष्कळ सुशिक्षित घरांत जाते. जोशी आणि कुलकर्णी ह्यांची तोंडे दोन दिशांस आहेत. जोशी शेतकऱ्याच्या जमेची बाजू वाढवा म्हणतात. कुलकर्णी आपल्या खर्चाची बाजू कमी करा म्हणतात. वीज किती, भांडी किती, प्रवास किती, खरोखर लागते काय, असे ते स्वतःस व वाचकास विचारतात. आणि सांगतात तसे वागतात, म्हणून त्यांच्या शब्दांस वजन आहे. ज्याने गरजा उतरविल्या त्यास उलटी पट्टी फारशी भिववीत नाही. पण ज्यास गरजा उतरविण्याचे स्वातंत्र्य आहे तो बहुधा कधीतरी वर चढलेला असतो, आणि शेजारच्या कुणब्याच्या गरजा त्याच्या जन्मापूर्वीच कोणीतरी उतरवून ठेवलेल्या असतात. ह्या भेदाची जाणीव ठेवून वाचणारास हे लेखन फार उपयोगी पडेल असे आम्ही समजतो.

त्या दिवशी कागदावर आम्ही जे नाव लिहिले नव्हते, व जे आता सर्वांच्या आधी लिहू, ते सदानंद देशमुख ह्यांच्या ‘बारोमास’ ह्या कादंबरीचे. ती २००२ साली प्रसिद्ध झाली व २००४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. तिच्यात शहरातून शेतीकडे कोणी जात नाही. उलट शेतीतून बाहेर पडण्याची वाट शोधणारा एकनाथ तिच्यात आहे, एम.ए., बी.एड. होऊनही नोकरी न मिळाल्यामुळे बुलढाण्याकडील आपल्या रानात अडकलेला. म्हणूनच आम्ही ती ह्या विषयाची मानली नव्हती. परंतु त्या घरात एक माणूस शहरी वळणाचे, शहराकडे डोळे लावून बसलेले आहे, आणि ते म्हणजे एकनाथाची पत्नी अलका. शिकलेली, नवरा आज ना उद्या नोकरीस लागेल ह्या आशेवर लग्न होऊन आलेली. खेडे तिने निवडलेले नाही. शेण, धूर, सासूचे बोलणे, पैशाची रोजची चणचण हे सारे तिच्या अंगावर येते, आणि ती ते गोड मानून घेत नाही. चिडते, टाकून बोलते, आणि शेवटी माहेरची वाट धरते. समीक्षकांनी ह्या पात्रास पुष्कळदा कठोरपणे वागविले आहे, आणि आम्हीही वर्गात तिला ‘शहरी मोहाचे प्रतीक’ वगैरे म्हटलेले आठवते. आता ते विधान आम्ही परत घेतो. ती प्रतीक नव्हे. मराठी वाङ्मयात शेतीच्या घरातून ‘हे मला विचारून झालेले नाही’ असे म्हणणाऱ्या ज्या थोड्या स्त्रिया आहेत त्यांतील ती एक आहे. देशमुख तिची बाजू घेत नाहीत, पण तिचे तोंडही बंद करीत नाहीत, आणि कादंबरीकाराकडून ह्याहून अधिक काय मागावे? होरेसच्या काव्यातील चुलीपाशी बसलेल्या साध्वीस जर कोणी बोलते केले असते, तर ती कदाचित अलकेसारखीच बोलली असती.

एवढे वाचन झाल्यावर दिवाळीनंतर आम्ही त्या विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो. बरोबर ‘बारोमास’ची एक प्रत घेतली होती. जमीन मुरमाड आहे. खालच्या अंगास अर्ध्या एकरात अद्रक उभे होते, वर भाजीपाला, आणि बांधाला लावलेल्या सीताफळाच्या रोपांस काट्यांचे कुंपण, कारण रोही व डुकरे ह्यांचा त्रास फार. दोन खोल्यांचे घर पत्र्याचे होते. विद्यार्थी वाळलेला दिसला पण प्रसन्न होता. त्याने आपली वही दाखविली: बियाणे, खत, ठिबकच्या नळ्या, टेम्पोचे भाडे, पट्ट्या चिकटविलेल्या. मेथी-कोथिंबिरीवर थोडे सुटले होते, टोमॅटोवर काहीच नाही, आणि एकूण चार-पाच महिन्यांत ९४०० रुपये शिल्लक. पहिल्या वर्षी शिल्लक पडली ह्याचाच त्यास आनंद होता, आणि आम्हांसही झाला.

मग त्याची पत्नी आत जाऊन दुसरी वही घेऊन आली. शाळेतील हजेरीपत्रकाप्रमाणे तिने ती आखली होती. एका बाजूस तारखा, वर कामांची नावे. पाणी देणे, कारण पंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते, म्हणून पहाटे तीनची नोंद, निंदणी, जुड्या बांधणे, गाय, स्वयंपाक व धुणे ह्यांचे रकाने निराळे. कोणी सांगितले म्हणून तिने ही वही लिहिली नव्हती. शाळेतील सवय, असे ती म्हणाली. निव्वळ शेताच्या कामाचे तिचे शंभराहून अधिक दिवस भरले होते. तिने नवऱ्याकडे न पाहता आम्हांस सांगितले की गावातील बायांस जी मजुरी मिळते तीच लावून पाहिली, तर त्या ९४०० चे वजाबाकीत रूपांतर होते. विद्यार्थी हसला, हे त्यांचे बोलणे पूर्वी झालेले असावे. तो म्हणाला, “सर, जोशीसाहेब हेच म्हणत होते ना, घरच्यांची मजुरी खर्चात धरा म्हणून?” ते खरे होते.

“पण एक अडते, सर,” ती म्हणाली. “दर कोणता लावू? मजूर बाईचा, का शिक्षिकेचा?”

आम्हांस लागलीच काही सुचले नाही. मुलांची शाळेची गाडी फाट्यावर येण्याची वेळ झाली होती. वही तशीच उघडी ठेवून ती त्यांना आणावयास गेली. पुस्तक आम्ही तिच्या वहीशेजारी ठेवले व चहा घेतला.